‘सांगत्ये’ आणि ‘सांगू नका’ : एका लावणीची संस्करणे

1959 साली प्रदर्शित झालेल्या ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटाचे शीर्षक सांगण्याची प्रतिज्ञा करते. त्यातील सर्वाधिक गाजलेली लावणी मात्र न सांगण्याची विनवणी करते. ‘बुगडी माझी सांडली गं’ या गीतातील स्त्री साताऱ्याच्या वाटेवर कानातला दागिना हरवल्याचे कबूल करते आणि ही गोष्ट घरच्या म्हाताऱ्याच्या कानी घालू नका, असे आर्जव करते. शीर्षक आणि गीत यांच्यातील हा विरोध चित्रपटाच्या आशयाच्या मुळाशी आहे. पुढे गीताची जी असंख्य पुनर्गायने झाली, त्यांत नेमका हाच विरोध पुसला गेला.

चित्रपटाचे दिग्दर्शक अनंत माने, पटकथाकार व्यंकटेश माडगूळकर, गीतकार ग. दि. माडगूळकर, संगीतकार वसंत पवार. पडद्यावर ही लावणी जयश्री गडकर यांची, आवाज आशा भोसले यांचा. पुण्याच्या ‘विजयानंद’ चित्रपटगृहात शंभराहून अधिक आठवडे चाललेल्या या बोलपटाने तमाशापटाला व्यावसायिक प्रतिष्ठा दिली, हे सर्वश्रुत आहे. त्यामानाने त्याच्या भूगोलाकडे कमी लक्ष गेले आहे. माडगूळकर बंधूंचे माडगूळ हे गाव आटपाडी परिसरातले, म्हणजे पूर्वीच्या औंध संस्थानातले. आशा भोसले यांचा जन्म 1933 साली सांगलीचा. 1949 मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन ‘दक्षिण सातारा’ जिल्हा निर्माण झाला आणि त्याला ‘सांगली’ हे नाव 1960 साली मिळाले. चित्रपट पडद्यावर आला त्या वर्षी सरकारी दफ्तरात सांगलीकरही एका अर्थाने सातारकरच होता. पठ्ठे बापूरावांचे रेठरे हरणाक्ष आणि शिवा-संभा व काळू-बाळू यांच्या तमाशांचे कवलापूर ही गावे याच पट्ट्यात येतात. तेव्हा ‘सातारा’ हा शब्द गीतात केवळ ‘म्हातारा’शी यमक जुळावे म्हणून आला, असे म्हणणे अपुरे ठरेल. यमकाची सोय आहेच; पण त्या सोयीमागे या माणसांच्या रोजच्या जाण्यायेण्याची वाटही आहे.

‘म्हातारा’ कोण, याचा निर्णय संहिता देत नाही. तो बाप असेल तर गीत अल्लड मुलीचे होते. जरठ नवरा असेल तर शृंगारिक लावणीच्या जुन्या संकेताशी त्याचे नाते जुळते. कडव्यांत शेजारच्या तरुणाचा उल्लेख येतो आणि बुगडी खरोखर वाटेवरच सांडली का, अशी शंका श्रोत्याच्या मनात उभी राहते. साताऱ्याची वाट ही मग सबब ठरते. ज्यांच्यापुढे हे गुपित फोडायचे तो फड भरलेला असतो आणि ‘सांगू नका’ ही विनवणी शेकडो प्रेक्षकांना उद्देशून असते. लावणीतील गुपित हे चारचौघांत उघड करण्यासाठीच असते, हा प्रकाराचा संकेत माडगूळकरांनी अचूक ओळखला आहे. चित्रपटाच्या कथेत पाटलाच्या अत्याचाराने उद्ध्वस्त झालेल्या घराची हकीकत आहे आणि तमाशात वाढलेली मुलगी आहे. तेथे सांगणे ही खेळाची बाब राहत नाही. एका बाजूला लटकी गुप्तता, दुसऱ्या बाजूला खरे सांगण्याची निकड, असा ताण त्या लावणीला चित्रपटाच्या आत मिळतो.

पुनर्गायनाच्या इतिहासात हा ताण प्रथम गळतो. त्याचे खापर केवळ नव्या गायिकांवर फोडणे योग्य नाही. गीत तबकडीवर आले आणि आकाशवाणीवरून घरोघरी पोहोचले, तेव्हाच ते कथेपासून सुटले होते. पुढे ऑर्केस्ट्रा, गणेशोत्सवाचे मांडव, शाळांची स्नेहसंमेलने, लावणीचे व्यावसायिक कार्यक्रम, स्त्रीवेषातील पुरुष नर्तक, दूरचित्रवाणीवरील स्पर्धा असा त्याचा प्रवास झाला. लग्नाच्या वरातीतील बँडने तर शब्दच काढून टाकले. क्लॅरिनेटवर बुगडी वाजते आणि शब्द ऐकणाऱ्याने मनात भरायचे असतात. गुपित पाळणारे हे एकमेव संस्करण म्हणावयास हरकत नाही!

येथे ‘मूळ’ आणि ‘व्हर्शन’ या जोडीचाच विचार करावयास हवा. बैठकीच्या लावणीत गायिका एकच ओळ पुनःपुन्हा घेते आणि प्रत्येक वेळी अदा बदलते. कधी लटका राग, कधी लाज, कधी थेट आव्हान. वाईच्या यमुनाबाई वाईकर (1915–2018) यांच्या गायनात ही रीत उत्तम दिसे. या परंपरेत पुनरावृत्तीतूनच अर्थ उभा राहतो. आधीची अदा ही नंतरच्या अदेचे ‘मूळ’ नसते. वॉल्टर बेंजामिन यांनी यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे अद्वितीयत्व क्षीण होते असे मांडले. लावणीच्या बाबतीत क्रम उलट लागतो: ध्वनिमुद्रणानेच येथे पहिल्यांदा ‘मूळ’ नावाची वस्तू निर्माण केली. काही मिनिटांच्या तबकडीत अदेची एकच निवड गोठली आणि ती प्रमाण ठरली. संगीतबारीत नाचणाऱ्या कलावतीसही मग गिऱ्हाइकाची फर्माईश येऊ लागली ती पडद्यावरच्या लावणीची, त्याच ठेक्यात आणि त्याच हरकतींसह. फडाने चित्रपटाला लावणी दिली आणि चित्रपटाने ती फडाला नमुना म्हणून परत केली.

कायद्यानेही हीच कल्पना दृढ केली. 1957 च्या कॉपीराइट अधिनियमात दुसऱ्याच्या आवाजात तेच गीत पुन्हा मुद्रित करण्यास वाव होता. 1994 च्या दुरुस्तीने त्यासाठी मूळ मुद्रणानंतर दोन वर्षांची मुदत घातली, 2012 च्या दुरुस्तीने ती पाच वर्षांची केली आणि तांत्रिक गरजेपलीकडे कृतीत बदल करू नये असेही सांगितले. कॅसेटच्या सुगीत स्वस्त व्हर्शनांचा जो सुकाळ झाला, त्याला आळा घालण्याचा हेतू समजण्यासारखा आहे. परंतु बदल न करणारी लावणी ही कल्पना बैठकीच्या गायिकेस बुचकळ्यात टाकील, यात शंका नाही.

बहुतेक पुनर्गायने आशा भोसले यांच्या हरकतींची नक्कल करतात. मूळ गायनाचा गुण हरकतींत नाही. तो आवाजातील बेपर्वाई आणि विनवणीतील कारस्थान एकाच श्वासात राखण्यात आहे. नक्कल करणारी गायिका बेपर्वाई घेते आणि कारस्थान सोडते. मग उरतो तो निव्वळ खट्याळपणा, आणि गीतातील स्त्री स्वतःच सांडलेल्या बुगडीसारखी शोभेची वस्तू होते.

चित्रपटाच्या शीर्षकाचे पुनर्गायन मात्र एकदा अत्यंत समर्थपणे झाले, तेही गीताबाहेर. ‘लोकशाहीर राम जोशी’ (1947) मधून तमाशापटाला चेहरा देणाऱ्या आणि ‘सांगत्ये ऐका’ मध्येही भूमिका करणाऱ्या हंसा वाडकर यांनी आपल्या आत्मकथनास याच चित्रपटाचे नाव दिले. अरुण साधू यांनी शब्दांकित केलेले हे कथन 1970 साली पुस्तकरूपाने आले आणि श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ (1977) या चित्रपटास त्याचा आधार मिळाला. लेखणी पुरुषाच्या हाती असली तरी कथन बाईचे आहे. व्यसन, संसाराची परवड, पुरुषांनी मांडलेला व्यवहार, यांतले काहीही तिने म्हाताऱ्यापासून लपवा म्हणून कुणाला विनवलेले नाही. चित्रपटात दोन माडगूळकरांनी पात्रांच्या तोंडी घातलेले सांगणे येथे नटीने स्वतःच्या तोंडून केले. बुगडीची संस्करणे मोजण्यापलीकडची आहेत; ‘सांगत्ये ऐका’ या दोन शब्दांचे हे एक संस्करण त्या सर्वांहून चित्रपटाच्या अधिक जवळ जाते. चित्रपटगीतांचे आपले संकलक आणि सूचिकार त्याची नोंद घेत नाहीत, कारण त्याला चाल नाही.