फॉरवर्डमध्ये न मावणारा रुपया

दर 14 एप्रिलला माझ्या फोनवर एक फॉरवर्ड हमखास येतो : रिझर्व्ह बँकेची स्थापना बाबासाहेबांनी केली. आमच्या छत्रपती संभाजीनगरात, नागसेनवनाच्या सावलीत शिकलेल्या कुणालाही तो पुढे पाठवावासा वाटेल. माझी तक्रार एवढीच, की त्यामुळे पुस्तक न उघडताच अभिमान मिळून जातो.

‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ 1923 साली लंडनमध्ये निघालं. बँक सुरू झाली 1 एप्रिल 1935ला. तिची शिफारस करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांनी 1925मध्ये साक्ष दिली होती, एवढा संबंध खरा. पुस्तकात मात्र बँकेचा आराखडा शोधाल तर हाती लागणार नाही. तिथे आहे तो संशय. रुपये किती काढायचे हे राज्यकर्त्यांच्या मर्जीवर सोडणाऱ्या व्यवस्थेबद्दलचा. केन्ससारखा अर्थतज्ज्ञ तिची बाजू घेत होता. बाबासाहेबांचं म्हणणं, मर्यादा कायद्यानंच घाला.

कोष्टकांची पानं दमवतात, खोटं कशाला बोला. पण एका मुद्द्यापाशी मी बराच वेळ थांबलो. रुपया घसरला की निर्यातदाराला फायदा होतो, तो येतो कुठून? भाव आधी चढतात, मजुरी मागून रखडत येते. तो फरक त्याच्या खिशात जातो. देशाचा म्हणून मिरवला जाणारा नफा मजुराच्या ताटातून काढलेला असतो. वाळूज एमआयडीसीत कंत्राटावर राबणाऱ्याला हे कोष्टकाशिवाय कळेल.

सोन्यावरचा त्यांचा भर मात्र काळानं मागे टाकला. 1931मध्ये खुद्द ब्रिटननंच सुवर्णमान सोडलं.

आज बँकेच्या स्वायत्ततेची चर्चा होते ती गव्हर्नरांच्या राजीनाम्यांवरून. 1957मध्ये बेनेगल रामा राव, 2018मध्ये उर्जित पटेल. शिवाय कायद्यातलं कलम 7 आहेच : गव्हर्नरशी सल्लामसलत करून सरकार बँकेला आदेश देऊ शकतं. हे पुस्तक वाचल्यावर ती चर्चा मला अर्धीच वाटते. गव्हर्नर कणखर आहे का, हे आपण विचारतो. त्याला आणि सरकारला, दोघांनाही बांधणारा नियम कोणता, हे विचारत नाही.

तसा एक नियम 2016पासून आहे. महागाई 4 टक्के, दोन्हीकडे 2 टक्क्यांची सूट. सलग तीन तिमाह्या ती या पट्ट्याबाहेर राहिली, तर बँकेनं सरकारला लेखी कारण द्यायचं. 2022मध्ये ती वेळ आली. पत्र गेलंही. ज्यांच्या पगाराला महागाईनं कात्री लावली, त्यांना ते तेव्हा वाचायला मिळालं नाही.