‘मनाच्या श्लोकां’तील चंदन

समर्थ रामदासांच्या ‘मनाच्या श्लोकां’तील आठवा श्लोक बेळगाव-निपाणीकडील अनेक मराठी कुटुंबांत मुखोद्गत असतो. त्यामुळे त्यातील चंदनावरून क्रुसाकडे वळणे प्रवचनकारास सोपे जाते. चंदन झिजून सुगंध देते. ख्रिस्ताने देह झिजवून तारण दिले. हा दृष्टान्त आम्हीही पुष्कळदा योजिला आहे. श्लोक पुन्हा वाचता तो आम्हांस घाईचा वाटू लागला.

मुळात त्या श्लोकात सुगंधाचा उल्लेखच नाही. कवी सांगतो ते सज्जनांच्या अंतःकरणास निवविणे. सहाणेवर थेंबभर पाण्यात खोड उगाळावे आणि गंध कपाळी लावावे, म्हणजे दाह शमतो. उपमेचा साधारणधर्म तो हा. सुगंध चारचौघांना कळतो, गारवा मात्र ज्याच्या कपाळी गंध लागले त्यालाच. श्लोकाचा आरंभ मरणोत्तर कीर्तीने होतो हे खरे, आणि आपण तो चरण बहुधा गाळतो. तसे करू नये. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील गुप्त दानाशी त्याचा मेळ सहजी बसत नाही, हे श्रोत्यांस मोकळेपणाने सांगावे.

याहून महत्त्वाचा प्रश्न संबोधनाचा आहे. बेचाळिसाव्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता आपल्याच जिवास प्रश्न करितो, तसा येथे कवी मनाशी बोलतो. व्यासपीठावरून तेच दुसऱ्यास ‘तू झीज’ असे सांगितले की उपमा तीच राहते, पण अर्थ पालटतो. निपाणीत तरी हे विसरता येत नाही. तंबाखूच्या कारखान्यांत राबणाऱ्या येथील स्त्रियांनी संघटित होऊन दिलेल्या लढ्यावर ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपट-गटाने १९८२ साली माहितीपट केला. तंबाखूची धूळ श्वासावाटे घेत त्या स्त्रिया झिजत होत्याच. त्या झिजण्याने कोणाचे अंतःकरण निवत होते? चंदन स्वतः उगाळून घेत नाही, त्यास कोणीतरी उगाळितो. दृष्टान्त एकदेशी असतो तो असा. त्याची ही बाजू कवीला अभिप्रेत नव्हती, परंतु कष्टकरी श्रोत्यास प्रथम तीच दिसते.

म्हणून अलीकडे हा श्लोक आम्ही रविवारच्या प्रवचनात घेत नाही. धर्मशिक्षकांच्या चिंतनदिवशी मात्र घेतो. तेथे तो प्रत्येकाने स्वतःस उद्देशून म्हणावयाचा असतो. कीर्तीच्या चरणावरचा आमचा वाद तेथे अजून मिटलेला नाही.