प्रशस्तीतील शिपाई : निवेदकाचा प्रश्न

दुसऱ्या महायुद्धात मराठा पायदळाच्या दोन सैनिकांना इटलीतील पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला : नाईक यशवंत घाडगे (१० जुलै १९४४, मरणोत्तर) आणि शिपाई नामदेव जाधव (९ एप्रिल १९४५). त्यांच्या शौर्यप्रशस्तींकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहिले जाते. मात्र त्या कथनात्म संहिताही आहेत, आणि या संहितांचा निवेदक कोण, हा प्रश्न समीक्षेने विचारायला हवा.

घाडगे यांच्या तुकडीतील बाकी सर्वजण मशीनगनच्या माऱ्यात ठार वा जखमी झाले होते. सोबतीला कोणी उरलेले नाही हे पक्के जाणून घाडगे एकटेच त्या ठाण्यावर तुटून पडले, असे प्रशस्ती सांगते. त्यांची कृती जखमींनी पाहिली असेल. त्यांच्या मनातील जाणीव कोणी पाहिली? ते तर त्याच चकमकीत पडले. येथे सरकारी कागद सर्वज्ञ निवेदकाची भूमिका घेतो. शाहीरही वीराच्या मनात शिरतो. पण तो संकेत आहे, हे पोवाडा ऐकणाऱ्याला ठाऊक असते. प्रशस्ती तोच संकेत पुराव्याच्या अधिकारामागे झाकते.

जाधव यांनी सेनिओ नदीच्या पाण्यातून दोन जखमींना सुरक्षित नेले, मशीनगनची तीन ठाणी निकामी केली आणि बांधावर उभे राहून मराठ्यांची युद्धगर्जना केली. प्रशस्तीत गर्जनेचा उल्लेख आहे, गर्जनेचे शब्द नाहीत. शिवाजी महाराजांचा जयजयकार करणारे ते शब्द प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहेत. इंग्रजी कागदाने मात्र त्यांचा केवळ ध्वनी नोंदवला.

या निवेदकाचा पक्ष कळण्यासाठी दृष्टी इटलीवरून ठाणे जिल्ह्याकडे वळवावी लागते. भातसानगर ज्या शहापूर तालुक्यात आहे, त्याला लागूनच मुरबाड तालुका आहे. तेथील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी आझाद दस्त्याचे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. कोतवाल माथेरानचे, घाडगे माणगाव तालुक्यातले. दोघेही तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे. अठरा महिन्यांच्या अंतराने एकाच राजवटीने एकाला बंडखोर ठरवले, दुसऱ्याला वीर.

स्वातंत्र्योत्तर वाचनाने हा क्रम उलटवून घाडग्यांना केवळ साम्राज्याचा शिपाई मानले, तर निवेदक बदलेल, शिपायाचे मौन तसेच राहील. त्याचे शौर्य नाकारण्याचे कारण नाही. त्या शौर्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणी स्वतःकडे घेतला, एवढे तरी समीक्षेने दाखवले पाहिजे.