उपरोधाचा अधिकार : डारिया आणि जोडी

दलित साहित्याच्या चर्चेत 'नकार' हा शब्द आपण इतक्या वेळा वापरला आहे की तो जुन्या नाण्यासारखा गुळगुळीत झाला आहे. नाकारणारा कोण आहे, तो कोठे उभा राहून नाकारतो आणि नाकारल्याबद्दल त्याला काय मोजावे लागते, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय कोणत्याही नकाराचे मोल ठरत नाही. आज हे प्रश्न पुन्हा विचारण्याची गरज आहे. आपला शिकलेला तरुण उपरोधाने बोलू लागला आहे. हातातल्या मोबाइलवर तो साऱ्या व्यवस्थेची खिल्ली उडवतो आणि खिल्ली उडवली म्हणजे विद्रोह झाला असे समजतो. उपरोध हे विद्रोहाचे हत्यार आहे की सुखवस्तूंची चैन? या प्रश्नाची उकल करण्यासाठी मी येथे एका अमेरिकन चित्रमालिकेचा विचार करणार आहे. त्या मालिकेत उपरोध हाच नायिकेचा स्वभावधर्म आहे, आणि उपरोध ज्यांना परवडत नाही अशी माणसेही तीत तिच्या शेजारीच वावरत आहेत.

मालिकेचे नाव 'डारिया'. ग्लेन आयक्लर आणि सूझी लुईस यांनी ती निर्माण केली. 1997 ते 2002 या काळात ती अमेरिकेतील एमटीव्ही वाहिनीवर चालली. पाच पर्वांत 65 भाग आणि त्यांखेरीज दोन दूरदर्शनपट एवढा तिचा विस्तार. माइक जज यांच्या 'बीव्हिस अँड बट-हेड' या आधीच्या मालिकेत डारिया हे दुय्यम पात्र होते. पुढे तिला स्वतःची मालिका मिळाली. डारिया मॉर्गनडॉर्फर ही गोल चष्मा लावणारी, हिरवे जाकीट आणि जड बूट घालणारी शाळकरी मुलगी. आई हेलन वकील, वडील जेक सल्लागाराचा व्यवसाय करणारे, धाकटी बहीण क्विन फॅशनमध्ये बुडालेली. लॉनडेल नावाच्या काल्पनिक उपनगरात हे गोरे मध्यमवर्गीय कुटुंब राहायला येते. डारिया क्वचितच हसते. एकसुरी आवाजात ती जे बोलते त्याने समोरच्याचे ढोंग उघडे पडते. जेन लेन ही चित्रे काढणारी मुलगी तिची एकमेव जिवाभावाची मैत्रीण.

डारियाच्या नकाराला मोल नाही असे मला म्हणायचे नाही. मुलीने गोड दिसावे, गोड बोलावे, चारचौघांत हसतमुख राहावे ही अपेक्षा अमेरिकेतही आहे आणि आपल्याकडेही आहे. डारिया ती अपेक्षा धुडकावते. पहिल्याच भागात नव्या शाळेत तिची मानसिक चाचणी होते आणि आत्मसन्मान कमी असल्याचे ठरवून तिला आत्मसन्मानाच्या खास वर्गात बसवले जाते. स्वतःविषयी मला कमीपणा वाटत नाही, इतरांविषयी मात्र वाटतो, असे तिचे सांगणे असते. जेन तर त्या वर्गात अनेकदा बसलेली असते; तिला सगळी उत्तरे पाठ असतात. आत्मसन्मानसुद्धा घोकंपट्टीने शिकवू पाहणाऱ्या शिक्षणव्यवस्थेवरची ही टीका मार्मिक आहे. आपल्यातील शिक्षकांनी ती मनावर घ्यावी अशी आहे.

पण येथेच मला थांबावेसे वाटते. डारियाला आत्मसन्मान मिळवावा लागला नाही. तो तिला घरातल्या फर्निचरसारखा आयता मिळाला. इतरांना तुच्छ लेखण्यासाठी आधी इतरांनी तुम्हाला माणूस मानलेले असावे लागते. ज्यांना 20 मार्च 1927 रोजी तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन आपण माणूस असल्याचे जाहीर करावे लागले आणि त्यासाठी डोकी फोडून घ्यावी लागली, त्यांच्या आत्मसन्मानाची जातकुळी वेगळी आहे. डारियाचा नकार माणूसपणाच्या पुढच्या पायरीवरून उच्चारला जातो. आपल्याला त्या पायरीपर्यंत चढण्यासाठीच नकार द्यावा लागला.

दुसऱ्या पर्वाच्या आरंभी एक कथा आहे. विद्यार्थिजीवनावर भित्तिचित्रांची स्पर्धा असते. जेन एका सुंदर मुलीचे चित्र काढते आणि डारिया त्यावर ओळी लिहिते. ही मुलगी सडपातळ राहण्यासाठी खाल्लेले अन्न ओकून टाकते, हे सत्य त्या ओळींतून बाहेर येते. शाळेला ते झोंबते. मजकूर सौम्य करायला दोघी नकार देतात, तेव्हा शाळा परस्पर ओळी बदलून ते चित्र स्पर्धेत ठेवते. दोघी आपलेच चित्र विद्रूप करतात. मुख्याध्यापिका मिस ली खवळतात आणि डारियाच्या आईकडे तक्रार करतात. आई वकील. मुलींच्या इच्छेविरुद्ध त्यांच्या कलाकृतीत ढवळाढवळ करण्याचे कायदेशीर परिणाम ती ऐकवते आणि प्रकरण तेथेच मिटते.

या कथेत मुलींचे धैर्य खोटे नाही. पण त्या धैर्याच्या पाठीशी एक वकील उभी आहे, हे विसरून चालणार नाही. हा विमा उतरवलेला नकार आहे. ज्या मुलाचा बाप शाळेत बोलावणे आले म्हणजे चप्पल दाराबाहेर काढून, हात जोडून उभा राहतो, त्या मुलाने भिंतीवरचे चित्र फाडले तर काय होईल याची कल्पना वाचकांनी करावी. 2002 च्या शेवटच्या चित्रपटात तर शाळाच डारियाला एक पारितोषिक देते. गोरिलांच्या अभ्यासक डायन फॉसी यांचे नाव त्याला दिलेले आहे. माणसांविषयी जवळजवळ संपूर्ण घृणा असूनही अभ्यासात मिळवलेल्या यशाबद्दल ते दिले जाते! लेखकांनी हा विनोद म्हणून घातला आहे, पण त्यात एक सत्य सांगून टाकले आहे. ज्या नकाराला व्यवस्था पदक देऊ शकते, त्या नकाराने व्यवस्थेला कोठेही जखम झालेली नसते.

आता जोडी लँडनकडे वळू. जोडी डारियाच्या वर्गातील कृष्णवर्णीय मुलगी. बुद्धीने डारियाच्या तोडीची, अभ्यासात पुढे, शाळेतील अनेक मंडळांची पदाधिकारी, सर्वांशी नीट वागणारी. तिचा मित्र मायकल मॅकेन्झी, ज्याला सगळे मॅक म्हणतात, तो शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा कर्णधार. लॉनडेलच्या शाळेत ठळकपणे दिसणारे कृष्णवर्णीय विद्यार्थी हे दोघेच. संघातील केविन हा गोरा मुलगा मॅकला सतत एका टोपणनावाने हाक मारतो. मॅक त्याला पुनःपुन्हा सांगतो की मला त्या नावाने हाक मारू नकोस. केविनला ते ऐकूच येत नाही. कर्णधारपद मिळाले तरी स्वतःच्या नावावर त्याचा अधिकार चालत नाही. डारियाच्या प्रत्येक टोमण्यावर प्रेक्षक हसतो. मॅकचा साधासरळ नकार मात्र हवेत विरून जातो.

दुसऱ्याच पर्वातील 'गिफ्टेड' या भागात डारिया आणि जोडी या दोघींना त्यांचे पालक हुशार मुलांसाठी असलेली एक खासगी शाळा दाखवायला नेतात. तेथे जोडी डारियापाशी मन मोकळे करते. घरी मी फक्त जोडी असते, वाटेल ते बोलू-वागू शकते. शाळेत मात्र मी साऱ्या कृष्णवर्णीयांची राणी असते, आदर्श कृष्णवर्णीय मुलगी असते, अशा आशयाचे ती बोलते. स्वतःसाठी ती जुना अपमानास्पद शब्द मुद्दाम वापरते. आणि आदर्श कोणासाठी? शाळेतील इतर कृष्णवर्णीय मुलांसाठी. पण ती मुले आहेत कोठे? शेवटी ती म्हणते की मला तुझ्यासारखे व्हायला आवडले असते. डारियाही कबूल करते की कधीकधी तिलाही जोडीसारखे व्हावेसे वाटते.

संपूर्ण मालिकेत इतका तीक्ष्ण उपरोध दुसरा नाही असे माझे मत आहे, आणि तो डारियाच्या तोंडी नाही. जोडी तो एका कोपऱ्यात, एकाच व्यक्तीपुढे, हळू आवाजात बोलते. वर्गात ती तो बोलू शकत नाही. डारिया तुसडी वागली तर लोक म्हणतात, डारिया तुसडी आहे. जोडी तुसडी वागली तर लोक म्हणतील, ही माणसे अशीच असतात. एकीचा स्वभाव तिच्या नावावर जमा होतो, दुसरीचा तिच्या समाजाच्या खात्यावर. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी 1903 साली 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' या ग्रंथात दुहेरी जाणिवेची कल्पना मांडली. स्वतःकडे सदैव दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावे लागणे हा त्या कल्पनेचा गाभा. जोडीचे सौजन्य, तिची पदे, तिचे गुण हे सारे त्या दुसऱ्या डोळ्यांपुढे चाललेले न संपणारे प्रदर्शन आहे.

चौथ्या पर्वात या दोघी शाळेच्या एका प्रकल्पासाठी बँकेत कर्ज मागायला जातात. अधिकारी त्यांना तुच्छतेने वाटेला लावू पाहतो. जोडी कोणत्या यशस्वी व्यावसायिकाची मुलगी आहे हे कळताच त्याचा सूर बदलतो. पुढच्या बँकेत जोडी वडिलांचे नाव आधीच सांगून टाकते. डारियाला ही तडजोड वाटते आणि दोघींत वाद होतो. डारियाची तत्त्वनिष्ठा येथे मला फार स्वस्त वाटते. बंद दारापुढे ज्याला कधी उभे राहावे लागले नाही, त्याला किल्ली वापरणे अनैतिक वाटू शकते. लेखकांनी हा वाद दाखवला, जोडीची बाजूही मांडली, हा त्यांचा प्रामाणिकपणा मान्य केला पाहिजे.

तरीही मालिकेचे नाव डारियाच आहे, आणि हा योगायोग नाही. ज्या वाहिनीवर ती चालली ती एमटीव्ही 1981 साली सुरू झाली. आरंभीच्या वर्षांत कृष्णवर्णीय गायकांना ती फारसे स्थान देत नसे. 1983 साली डेव्हिड बोवी या गोऱ्या गायकाने त्याच वाहिनीवरील मुलाखतीत याचा जाब विचारला होता. अशा घरात कृष्णवर्णीय मुलीला खोली मिळाली, तीही कडेची. जोडीला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या मालिकेची घोषणा व्हायला 2019 साल उजाडावे लागले. म्हणजे मूळ मालिका संपल्यावर सतरा वर्षे गेली. गोऱ्या मुलीचा कंटाळा हा साऱ्या पिढीचा कंटाळा ठरला. काळ्या मुलीचा थकवा हा एका भागाचा विषय ठरला.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांशी आपले नाते नवे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 साली डू बॉइस यांना पत्र लिहिले होते. 1972 साली स्थापन झालेल्या दलित पँथरने नावच तेथून घेतले. डॉ. म. ना. वानखडे आणि जनार्दन वाघमारे यांनी ते साहित्य मराठी वाचकांपर्यंत आणले. तरी हे साम्य ताणू नये. जोडीचे वडील श्रीमंत आहेत. गावकुसाबाहेरच्या पोराचे दारिद्र्य तिला ठाऊक नाही. रंग लपत नाही. जात लपू शकते, म्हणून ती आडनावावरून, गावावरून, खाण्यापिण्यावरून उकरून काढली जाते. परंतु आपल्यातील शिकलेल्या घरांतील दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची मुले मी पाहतो, तेव्हा मला जोडीच दिसते. "तुम्ही त्यांच्यातले वाटत नाही हो!" या वाक्याला स्तुती समजून हसावे लागणारी मुलगी. राखीव जागेवर आलेला म्हणून इतरांपेक्षा दुप्पट वाचणारा, वर्गात एकही प्रश्न चुकीचा पडू नये म्हणून प्रश्नच न विचारणारा मुलगा. आणि हे ओझे त्यांच्या पाठीवर केवळ सवर्णच ठेवत नाहीत. "समाजाचे नाव काढ" असे म्हणून आपणही ते ठेवत असतो.

शेवटच्या चित्रपटात जोडीला दोन महाविद्यालयांत प्रवेश मिळतो. एक क्रेस्टमोर, प्रतिष्ठित आणि प्रामुख्याने गोऱ्यांचे. वडिलांचा आग्रह त्याच्यासाठी. दुसरे टर्नर, परंपरेने कृष्णवर्णीयांचे. दोन्ही नावे काल्पनिक असली तरी 1867 साली स्थापन झालेल्या हॉवर्ड विद्यापीठासारख्या संस्थांची परंपरा खरी आहे. जोडी टर्नर निवडते. काही टीकाकार याला माघार म्हणतील. मला त्यात तिचा पहिला जाहीर नकार दिसतो. जेथे आपल्याकडे नमुना म्हणून पाहिले जाणार नाही, जेथे सामान्य असण्याची मोकळीक मिळेल, अशी जागा ती मागते आहे. औरंगाबादला 1950 साली सुरू झालेल्या मिलिंद महाविद्यालयाने आपल्या पहिल्या पिढीला पदवीबरोबरच हेही दिले. तेथे ती मुले अपवाद नव्हती. म्हणून ती आपसांत भांडू शकली, एकमेकांची टिंगल करू शकली, आणि म्हणूनच लिहूही शकली.

उपरोध ही चैन की हत्यार, याचे उत्तर मला असे दिसते. ज्याला काही गमावायचे नाही त्याच्या हाती ती चैन होते. ज्याला सारे गमवावे लागू शकते त्याच्या हाती ते हत्यार होते, आणि हत्याराला नेम लागतो. आपल्या तरुणांनी डारियाचा चष्मा जरूर घ्यावा. ढोंग ओळखायला तो उपयोगी आहे. पण वकील आई पाठीशी असल्याच्या भ्रमात तिची निष्क्रियता घेऊ नये.

आणि समतेचा एक साधा निकष मी यातून घेतो. दलितांतील असामान्य माणसाला मान मिळतो की नाही यावरून समता मोजू नये; तो मान देऊन पुष्कळांनी बाकीच्यांना दाराबाहेर ठेवले आहे. आपल्यातली एखादी मुलगी वर्गात उगाचच रुसून बसली, तिरकस बोलली, परीक्षेत जेमतेम पास झाली आणि तरीही कोणी तिची जात आठवली नाही, तर त्या दिवशी त्या वर्गापुरती समता आली असे म्हणता येईल. तोवर जोडीच्या वाट्याला हसणे आहे, आणि ते हसणे वाचायला शिकणे हे आपल्या समीक्षेचे काम आहे.