काचेच्या नळीला दमा होत नाही

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात बेलजारचे प्रारूप हमखास मांडलेले असते. हंडीत काचेच्या नळीला दोन फुगे, खाली रबरी पडदा. पडदा ओढला की फुगे फुगतात. श्वासपटलाचे काम समजायला हे उत्तमच. पण माटुंग्यात पावसाळ्यात भिंतींना ओल येते, किंग्ज सर्कलला वाहनांचा धूर असतो, जुन्या इमारती पाडताना धूळ उडते. दम्याच्या मुलांना या तिन्हींचा त्रास होतो. ‘त्याला धाप का लागते?’ असे कुणी विचारले, तर हे प्रारूप गप्प बसते.

कारण यातली नळी काचेची, आणि दम्यात बिघाड असतो तो नळ्यांतच! अस्तर सुजते, भोवतीचे स्नायू आवळतात, चिकट स्राव साठतो. त्रिज्या निम्मी झाली की संथ प्रवाहाला होणारा रोध सोळापट वाढतो. श्वास सोडताना नळ्या आणखी अरुंद होतात, हवा आत अडकते. अशा मुलाला ‘खोल श्वास घे’ म्हणून काय उपयोग? त्याची छाती आधीच भरलेली असते.

काचेऐवजी मऊ रबरी नळी लावून ती चिमटीत दाबा. पडदा सोडला तरी फुगे रेंगाळतील.

औषधाचेही तसेच. आराम देणारा पंप स्नायू सैल करतो, सूज तशीच राहते. त्यासाठी श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड लागते. मोठ्यांना व किशोरांना नुसत्या आरामाच्या पंपावर ठेवू नये, असे ‘जिना’ या जागतिक दमा-उपक्रमाने 2019 मध्ये सांगितले. आणि आपण? ‘सवय लागेल’ म्हणून पंप ऑफिसच्या कपाटात, मूल तिसऱ्या मजल्यावर.