दायमाबादचीं धातुशिल्पें : खेळणीं कीं देवसामग्री ?

दायमाबाद येथें सांपडलेल्या चार धातुशिल्पांविषयीं जी चर्चा झाली आहे, तींत त्यांचा काळ आणि त्यांचें प्रयोजन यांचाच खल विशेष आढळतो. पाहणाऱ्यास तीं पाहतांक्षणीं हंसूं कां फुटतें, हा प्रश्न मात्र विद्वानांस क्षुद्र वाटलेला दिसतो. प्रस्तुत लेखकास तो तसा वाटत नाहीं.

दायमाबाद हें अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्यांत प्रवरेच्या डाव्या तीरावर आहे. इ. स. १९७४ मध्यें झाडाचीं मुळें खणतांना एका भिल्ल शेतकऱ्यास हा ठेवा लाभला. दोन बैल जुंपलेला रथ व त्यांत उभा असलेला पुरुष, रेडा, हत्ती आणि गेंडा, अशीं हीं चार शिल्पें. सर्व भरीव ओतीव असून एकूण वजन साठ किलोंच्या वर भरतें. रथाची लांबी ४५ सें. मी., रेड्याची उंची ३१ सें. मी.

एवढ्या वजनाची वस्तु बालकाचें खेळणें असूं शकत नाहीं, हा आक्षेप यथार्थ आहे. मिरवणुकींत वा पूजेंत त्यांचा उपयोग होत असावा, हें मतही संभवनीय आहे. पण त्यावरून रूपाचा निर्णय होत नाहीं. चाकांवरचा पशु हें रूप मुळांत खेळण्याचेंच. ‘मृच्छकटिक’ या नाटकाला नांव मिळालें तेंही एका मुलाच्या मातीच्या गाडीवरून. आणि विदर्भांत तान्ह्या पोळ्याला मुलें चाकांचे लाकडी बैल आजही ओढीत नेतात. दायमाबादच्या कारागिरानें हेंच रूप घेऊन त्यांत गेंडा उभा केला ! अरण्यांत ज्याच्या वाटेस कोणी जाऊं नये, तें श्वापद दोन आडव्या पट्ट्यांवर, चार चाकांवर, निमूट ओढून नेण्याजोगें झालें आहे. हंसूं येतें तें याचें. रथाच्या दांडीवर एक कुत्राही उभा आहे. रथ ओढण्यास त्याचा कांहीं उपयोग नाहीं. परंतु गाडी निघाली कीं घरचा कुत्रा बरोबर निघतोच, हें ज्यानें पाहिलें त्यानेंच तो तेथें ठेवला. रेडा चौघांत सर्वांत भारदस्त. हत्ती मला त्या मानानें ठोकळेबाज वाटतो.

काळाविषयीं मतभेद आहे. म. न. देशपांडे, शि. रं. राव व सा. अ. साळी यांनीं हीं शिल्पें उत्तर-हडप्पा काळांतील मानलीं. उलट धर्मपाल अग्रवाल यांनीं धातूंत आढळलेल्या एक टक्क्याहून अधिक सोमलाकडे बोट दाखविलें. ताम्रपाषाणकालीन इतर वस्तूंत असें मिश्रण आढळत नसल्यानें तीं ऐतिहासिक काळांतील असावींत, अशी त्यांची शंका. आपण पोथ्या जमविणारे लोक. ज्या पोथीची पुष्पिका गळाली तिचा काळ नुसत्या कागदावरून सांगतांना किती सांवधगिरी लागते, हें आपणांस ठाऊक आहे. येथें तर उत्खननकार पोहोंचण्यापूर्वींच ठेवा मातींतून निघाला होता. तेव्हां सोमलाचा आक्षेप झटकून टाकून अभिमानानें चार हजार वर्षांचा आंकडा उच्चारणें मला प्रशस्त वाटत नाहीं.

शिक्षकीच्या दिवसांत मुलांना या शिल्पांचीं चित्रें दाखवीत असतांना मीं उत्तर-हडप्पा संस्कृतीवर बराच वेळ बोललों. शेवटच्या बांकावरच्या एका मुलानें इतकेंच विचारलें : “गुरुजी, हत्तीचीं चाकें कोणी काढलीं ?” हत्तीच्या पाटाचे आंस व चाकें नाहींशीं झालीं आहेत, हें तोंवर माझ्या ध्यानांतच आलें नव्हतें.