आधी विचार, मग शब्द?

शाळेत आपण सगळेच एक सूत्र शिकलो : आधी मुद्दे काढा, मग विस्तार करा. म्हणजे विचार आधी, शब्द नंतर. आज ज्या सिद्धान्ताबद्दल बोलायचं आहे, त्यानं या सूत्राला मोठा धक्का दिला. आणि गंमत म्हणजे तेच सूत्र त्यानं मागच्या दारानं परत आत घेतलं.

१९८१ साली लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज या अमेरिकी अभ्यासकांनी लेखनप्रक्रियेचा एक आराखडा मांडला. पद्धत साधी होती. लिहिणाऱ्याला सांगायचं, डोक्यात येईल ते मोठ्यानं बोलत लिहा, आणि ते टेप करायचं. एक काम असं होतं : १३-१४ वर्षांच्या मुली वाचतात अशा मासिकासाठी आपल्या नोकरीविषयी लिहा. आता बघा, यातून काय निघालं? नियोजन, शब्दांकन आणि पुनर्विचार या क्रिया एकापाठोपाठ एक होत नाहीत, त्या एकमेकींत शिरतात. वाक्य लिहिता लिहिता माणूस मागं जातो, बेत बदलतो. इतकंच नाही, लिहिताना जे हाती लागतं त्यानं लेखनाचा हेतूही बदलतो. हे या सिद्धान्ताचं खरं देणं.

पण मधली चौकट पाहा. शब्दांकनाला त्यांनी इंग्रजीत नाव दिलं ते भाषांतराचं. विचार चित्ररूपातही असतो, तो ओळीनं शब्दांत मांडणं अवघड असतं, हे ते मान्य करतात. तरी चित्र उरतं ते हेच, की अर्थ आधी तयार असतो आणि भाषा तो वाहून आणते. माझा आक्षेप इथं आहे. लिहिल्यामुळं हेतू बदलत असेल, तर शब्द नुसते हमाल कसे?

साधं उदाहरण घ्या. कुणी गावाकडच्या आठवणी लिहितोय. 'वाडा पडला' असं लिहितो आणि थबकतो. पडला की पाडला? 'पाडला' म्हटलं की कुणी, हा प्रश्न आलाच. हळव्या आठवणींचा लेख बघता बघता भाऊबंदकीचा जाब विचारू लागतो. हा विचार मनात तयार नव्हता हो. एका कान्यानं तो आणला! हे भाषांतर नव्हे.

हा वाद फक्त अभ्यासकांचा नाही. विचार स्पष्ट झाल्याशिवाय लिहायचंच नाही, असं मानणारं मूल कोऱ्या कागदापुढं बसून राहतं, नाहीतर गाईडमधला निबंध पाठ करतं. त्याला वाटतं, आपल्याकडे विचारच नाहीत. म्हणून शिक्षकमित्रांना एवढंच सांगेन : मुद्दे जरूर काढायला लावा, पण अर्धा निबंध झाल्यावर ते खोडायचीही मुभा द्या. कच्च्या कागदावरच्या त्या खाडाखोडीला गुण मिळत नसतील, पण मूल विचार करायला तिथंच शिकतं.